न घेतलेला नमुना

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा बार्शीहून येताना एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगावीशी वाटली होती. अगदी ओठांपर्यंत आली होती — पण परंडा आलं आणि तो पिशवी उचलून उतरून गेला. तेव्हापासून ती तशीच राहिली. आज तुम्हीच तो शेजारचा माणूस आहात असं धरतो आणि बोलतो. मधेमधे अडखळेन, कारण ही सरळ सांगायची मला सवय नाही. मनातल्या मनातसुद्धा मी ती वळसा घालूनच सांगत आलोय.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे सरकारी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. पदवी नाही, पदविका. पण गावात सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कुणाला दुरुस्त केलं नाही. परंडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडं, सीनेवरच्या धरणाचं पाणी जिथवर फुगून येतं तिथल्या एका गावात माझा दवाखाना. दोन खोल्या, पुढं जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, आत लशींचा फ्रीज आणि एक कपाट. गाईला रेतन करायचं, शेळ्यांना लस टोचायची, अडलेली म्हैस मोकळी करायची, हे माझं काम.

आणि मला एक खोड आहे. कळून घ्यायची खोड. एखादी शेळी मेली की मालक म्हणायचा, जाऊ द्या डॉक्टर, पुरून टाकू. माझा पाय निघायचा नाही. कशानं मेली? पोट उघडून बघितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. थंडीत धरणाच्या पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. मी गाडी बांधावर लावून तासन् तास बसायचो. इतक्या लांबून येतात — येताना पोटात, पिसांत काय काय घेऊन येत असतील? कुठल्या देशातलं पाणी, कुठल्या देशातला आजार? बायको म्हणायची, तुमच्यात आणि चौकशी करणाऱ्या फौजदारात काही फरक नाही.

हे एवढं का सांगतोय? कारण ज्या दिवशी खरोखर बघायची वेळ आली, त्या दिवशी मी काय केलं ते ऐकताना हे लक्षात असू द्या.

कोरोना ओसरून दोन वर्षं झाली होती. धाराशिवला एक प्रशिक्षण लागलं. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एकाच हॉलमध्ये बसलेले मी पहिल्यांदा बघितले. शिकवणारे गृहस्थ पुण्याकडचे होते, शांतपणे बोलणारे. म्हणाले, पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण माणसात येणारे बरेचसे नवे आजार जनावरांकडून, पाखरांकडून येतात. समजा एखाद्या गावात एकाएकी कोंबड्या मरायला लागल्या. सगळ्यात आधी कुणाला कळेल? मंत्र्याला नाही, कलेक्टरला नाही. तुम्हाला.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे — हौसेनं. त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त प्रश्न मी विचारले असतील. शेवटी प्रत्येकाला एक पेटी दिली. नाका-घशातून नमुना घ्यायच्या काड्या, छोट्या बाटल्या, बर्फाचा डबा, गॉगल, अंगभर घालायचा पांढरा सूट आणि हातमोज्यांचे जोड. एकच गोष्ट त्यांनी तीन-तीनदा सांगितली. काय आजार आहे हे तुम्ही ठरवू नका. नमुना घ्या, बर्फात ठेवा, वरती कळवा. ठरवायचं काम लॅबचं.

ती पेटी मी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. मधूनमधून काढून बघायचो.

पुढच्याच हिवाळ्यात, पौषातल्या एका सकाळी, शकीलाबी आली.

शकीलाबी म्हणजे आमच्या गावची बांगडीवाली. पंचावन्नच्या आसपास वय, नवरा वारलेला, मुलगा पुण्यात गाडी चालवतो. आठवड्याच्या बाजारांना टोपली घेऊन जायची, सोनारीला भैरवनाथाच्या यात्रेत तिचं दुकान लागायचं. तालुक्यातल्या निम्म्या बायकांच्या मनगटांची मापं तिला तोंडपाठ. घरी पंचवीस-तीस कोंबड्या. त्यांच्यावर तिचा भारी जीव. मी तिला चाची म्हणतो.

हातात खताचं पोतं होतं. पायरीपाशी येऊन तिनं ते खाली ठेवलं आणि म्हणाली,

"डाक्टर, पाच मेल्या रातीतून. काल दोन गेल्या व्हत्या. बघा जरा, ह्ये काय येगळंच दिसतंय."

मी नोंदवही काढली आणि लिहिलं: मानमोडी. हा कोंबड्यांचा नेहमीचा आजार, दरवर्षी कुठं ना कुठं येतोच. तिला सांगितलं, खोल खड्डा करा, चुना टाका, पुरून टाका. ती गेली.

बस. एवढंच. नोंदवहीत बघाल तर एवढंच सापडेल.

पण ती मानमोडी होती का? मला माहीत नाही. आणि तेव्हा तर नक्कीच माहीत नव्हतं. सात कोंबड्या दोन दिवसांत, तुरे काळेनिळे, डोकी सुजलेली. प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलेले फोटो माझ्या डोळ्यांपुढं जसेच्या तसे उभे राहिले होते. मग मी मानमोडी असं का लिहिलं?

कितीतरी दिवस मी स्वतःला याचं एक उत्तर देत होतो. तुम्हालाही तेच आधी देतो, कारण ते ऐकायला बरं वाटतं. नमुना पाठवला असता आणि बर्ड फ्लू निघाला असता, तर आसपासच्या किलोमीटरभरातली प्रत्येक कोंबडी मारून पुरली असती. पांढऱ्या सुटातली माणसं घराघरात शिरली असती. दारातल्या चार कोंबड्यांवर घरातली मीठ-मिरची भागवणाऱ्या बायका, त्यांची खुराडी एका दिवसात रिकामी झाली असती. मी म्हणे त्या बायकांचा विचार केला.

हे खोटं आहे. त्या सकाळी मला गावातली एकही बाई आठवली नव्हती. हे कारण मला दोन-तीन महिन्यांनी सुचलं — आणि सुचल्यावर ते पहिल्यापासून तिथंच होतं असं वाटायला लागलं. कारणं अशी मागाहून येऊन पुढं कशी बसतात, याचंही मला नवल वाटतं.

खरं काय झालं ते सांगतो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी बार्शीला बारा दिवस ऑक्सिजनवर होतो. शेजारच्या खाटेवर तीन माणसं आली आणि तीन गेली. श्वास घ्यावा आणि आत काहीच पोचू नये, हे काय असतं ते मला ठाऊक आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. उलट — ज्याला हे ठाऊक होतं त्यानं पुढचं केलं, एवढ्यासाठी सांगतोय.

शकीलाबीनं पोत्याचं तोंड सोडलं आणि मी मागं सरकलो. खिशातला मास्क नाकावर चढवला. पायरीवरून दारात गेलो. तिच्यात आणि माझ्यात सहा-सात हात अंतर. पेटी माझ्या पाठीमागं, कपाटात. चार पावलं. सूट घालायला पाच मिनिटं लागली असती.

मी कपाटाकडं गेलो नाही. पण तिला परतही पाठवलं नाही. कारण — इथं मी दरवेळी थांबतो — कारण मला बघायचं होतं.

मी म्हणालो, "चाची, एक बाहेर काढा."

तिनं एक तलंग, कोवळी कोंबडी, पायांना धरून बाहेर काढली. उघड्या हातांनी.

"तुरा वर करा. इकडं वळवा. पापणी उघडा."

तिनं उघडली.

"पाय दाखवा. नडगीवर तांबडे ठिपके हायेत का?"

"हायेत की. ह्ये बघा."

"आता चोच उघडा. आत बोट घालून बघा, चिकट आहे का."

तिनं बोट घातलं. तार निघाली. तिनं बोट पदराला पुसलं. मी दारातून मान लांब करून सगळं बघितलं. माझी हौस मी तिच्या हातांनी भागवली. एक झाली, मग दुसरी काढायला लावली, मग तिसरी. पाठीमागं कपाटात हातमोजे होते, एकापेक्षा जास्त जोड होते. स्वतः घालायचे नव्हते तर तिला तरी देता आले असते. मनात आलंही होतं. पण हातमोजे दिले असते तर तिनं विचारलं असतं, कशाला? आणि मग मला उत्तर द्यावं लागलं असतं.

तरी तिनं विचारलंच. पोतं बांधताना.

"मानमोडीत मान वाकडी हुती ना, डाक्टर? एकीची बी मान वळली न्हाय. घुमत बसल्या आन् पडल्या."

बघा, तिचं निरीक्षण माझ्यापेक्षा चोख होतं. मी म्हणालो, दरवेळी मान वळतेच असं नाही.

मग पोत्याची गाठ आवळत म्हणाली, "मला काय हुईल का? समद्या हातानंच उचलल्यात मी."

"काय होत न्हाय, चाची. मानमोडी माणसाला लागत न्हाय."

माझ्या तोंडावर मास्क होता तेव्हा. ती माझ्या मास्ककडं बघत होती का? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, की आठवायचं नाही, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या तीन दिवसांत तिच्या सगळ्या कोंबड्या गेल्या, शेजारच्या घरातल्या दोन गेल्या, आणि मरणं थांबलं. आपोआप. मी सुटलो असं वाटलं. वहीत मानमोडीपुढं फक्त आकडा वाढवला.

आठव्या दिवशी दुपारी फोन आला. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमचा. तिशीच्या असतील, धाराशिवच्या प्रशिक्षणात माझ्या मागच्याच रांगेत होत्या. म्हणाल्या, तुमच्या गावच्या शकीलाबी माझ्यासमोर आहेत, चार दिवस ताप, खोकला, आता धाप लागतेय, छातीत काहीतरी आहे. घरी कोंबड्या मेल्या असं त्या सांगतात. प्रशिक्षणात ठरल्याप्रमाणं तुम्हाला विचारतेय. गावात पक्ष्यांचं काही आहे का?

तुम्हाला यातली गंमत लक्षात येते का? गंमत म्हणायला नको, पण दुसरा शब्द सापडत नाही. जी व्यवस्था उभी करायची म्हणून आम्हाला एका हॉलमध्ये बसवलं होतं, ती त्या दुपारी अगदी ठरल्यासारखी चालली. आजारी बाई वेळेत डॉक्टरकडं पोचली. डॉक्टरनं बरोबर प्रश्न विचारला. बरोबर माणसाला फोन केला. तो फोन लागलाही, आमच्या गावात ते सहसा होत नाही. सगळे दुवे जुळले होते. शेवटचा मी होतो.

मी म्हणालो, "मानमोडी होती, मॅडम. मी स्वतः तपासल्यात."

स्वतः. हा शब्द मी वापरला.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

त्यांनी आभार मानले. शकीलाबीला बार्शीला हलवलं. न्यूमोनिया म्हणून उपचार झाले. कोंबड्यांचा विषय बाजूला पडल्यामुळं त्या अंगानं कुणी तपासणी केली नाही. का करतील? ती एकोणीस दिवस तिथं होती. गावातले लोक भेटून येत होते. मी गेलो नाही. त्या वॉर्डातला वास मला माहीत होता. ती घरी आली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. यात्रेतलं दुकान तिनं त्या वर्षी लावलं नाही, पुढंही नाही. टोपली घेऊन चालवत नाही म्हणाली. कोंबड्याही परत पाळल्या नाहीत; दोन शेळ्या घेतल्या.

आजार आणखी कुणाला झाला नाही. निदान मला कळला नाही. तो कोंबड्यांचाच होता का? की थंडीतला साधा न्यूमोनिया? शेजारच्या बाईनंही दोन मेलेल्या उचलल्या होत्या, तिला शिंकसुद्धा आली नाही. मग हिलाच का? पाण्यावरच्या बदकांपासून आला असेल, की बाजारातून आणलेल्या एखाद्या पिल्लातून? आणि एका बाईपाशी येऊन थांबला असेल तर का थांबला? जगात अशा किती गावांत काहीतरी येऊन थांबून जात असेल आणि कुणाला पत्ताही लागत नसेल? मी रोज विचार करतो. हे प्रश्न सुटू शकले असते. एका काडीवर, एका छोट्या बाटलीत उत्तर मावलं असतं. ते मी चुना टाकून पुरायला लावलं.

मागच्या वर्षी धाराशिवला पुन्हा प्रशिक्षण झालं. पुढच्या साथीची तयारी, हाच विषय. या वेळी गावोगावी जनावरांवर प्रथमोपचार करणाऱ्या पशुसखीही बोलावल्या होत्या. चहानंतर आमच्या डॉक्टर मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. पडद्यावर एक पान आलं. माणसांचा आणि जनावरांचा विभाग मिळून काम कसं करतो याचं चांगलं उदाहरण. गावाचं नाव नव्हतं, बाईचं नव्हतं. ताप, धाप, घरी कोंबड्यांची मर. पशुवैद्यकीय विभागाशी संपर्क: त्याच दिवशी. शंकेचं निरसन: फोनवर, दहा मिनिटांत. मॅडम म्हणाल्या, ते सर इथंच बसलेत. त्यांनी मला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

मागच्या बाजूनं एक पशुसखी उठली. कळंबकडची होती, पंचवीस-सव्वीसची. कागदावर काहीतरी टिपत होती मघापासून.

"सर, नमुना कुठल्या लॅबला पाठवला व्हता?"

इतक्या लोकांत, इतक्या दिवसांत, हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर संशय वगैरे काही नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. पहिल्या प्रशिक्षणात मी असाच उभा राहिलो असेन.

"पुण्याला," मी म्हणालो. "निगेटिव्ह आला."

तिनं ते लिहून घेतलं.

जेवताना मॅडम शेजारी होत्या. मला राहवलं नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा एखाद्याला असा आजार होऊन गेला असेल तर काही वर्षांनी कळतं का? त्या म्हणाल्या, कळू शकतं. रक्तात त्याच्या खुणा बरीच वर्षं टिकून राहू शकतात, विशेष लॅबला रक्त पाठवलं तर तपासता येतं. मग हसून म्हणाल्या, "पण आपल्या केसमध्ये गरजच नाही ना. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. मला तेव्हा सांगितलं नाहीत तुम्ही, मी पानावर टाकलं असतं."

मी म्हणालो, राहून गेलं.

आता ते त्या पानावर आहे. नमुना: निगेटिव्ह. मॅडम ते इतर तालुक्यांतही दाखवतात.

शकीलाबी माझ्या दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर राहते. आता तिला दहा लागतात. महिन्या-दोन महिन्यांनी शेळी घेऊन येते, खोड्याच्या कठड्यावर बसते, श्वास खाली बसेपर्यंत काही बोलत नाही. मग बोलते. मुलाचं, बाजारचं, शेळीचं. आणि कधीकधी, उठता उठता, तेच विचारते. तक्रार नसते तिच्या बोलण्यात. तिलाही कळून घ्यायचं असतं, आणि गावात असल्या गोष्टी ज्याला कळतात असा माणूस तिच्या मते मीच.

"कशानं झालं असंल वो ह्ये, डाक्टर?"

परवाही विचारलं. मी शेळीचा कान धरून सुई टोचत होतो. तिचं रक्त पाठवता येतं, हे मला तेव्हा माहीत होतं. कुणाला फोन करायचा, तेही माहीत होतं.

मी म्हणालो, "काय सांगावं, चाची."

तिनं मान हलवली, दावं हाताला गुंडाळलं आणि शेळी घेऊन घरी गेली.